कोड तुमचा, डेटा त्यांचा आणि तो पिवळा अंगठा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एका तरुण प्रोग्रॅमरने २०२३ मध्ये एका पॅथॉलॉजी लॅबला सॉफ्टवेअर करून दिलं. नमुन्याच्या नळीवर बारकोड लावण्यापासून रिपोर्ट पेशंटच्या व्हॉट्सॲपवर जाईपर्यंत सगळं त्यात होतं. साडेतीन लाख ठरले, दोन लाख दहा हजार मिळाले. करार केलेला नाही, जे बोलणं झालं ते व्हॉट्सॲपवर. आता लॅबमालकाने सगळा कोड दुसऱ्या एका मुलाला दिलाय. त्याने रंग बदलून तेच सॉफ्टवेअर मालकाच्या मेहुण्याच्या इचलकरंजीतल्या लॅबमध्ये बसवलं आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. क्लाउडचं खातं मात्र अजून मूळ मुलाच्या नावावर आहे, बिल लॅब भरते. त्याचे मुख्य प्रश्न दोन: कोड कुणाचा? आणि उरलेले पैसे मिळेपर्यंत सर्व्हर बंद ठेवला तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात वाचलं तरी काही बिघडणार नाही. सर्व्हर बंद करू नका. पासवर्ड बदलू नका. ‘देखभालीचं काम चालू आहे’ असली पाटीही लावू नका. आणि ‘पैसे टाका, नाहीतर उद्यापासून रिपोर्ट निघणार नाहीत’ असा मेसेज तर अजिबात नको. त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट काढून समोरचा वकील भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीची तक्रार लिहायला घेईल. ती टिकेल की नाही हा पुढचा भाग झाला, पण उत्तरं देत तुम्हाला फिरावं लागेल.

मी एकवीस वर्षं वकिली करतोय. त्याआधी चार वर्षं पुण्यात कोड लिहीत होतो, त्यामुळे तुमचा राग मला बाहेरून समजून घ्यावा लागत नाही. पण या रागाचं काय होतं तेही पाहिलंय. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. मुलाने एका दूध संकलन संस्थेला सॉफ्टवेअर करून दिलेलं. मशीनवरून फॅट आणि एसएनएफचा आकडा घ्यायचा, दर लावायचा, पावती छापायची. ऐंशी हजार येणं बाकी होतं. पठ्ठ्याने कोडमध्ये गुपचूप एक तारीख टाकून ठेवली होती. ती उलटली की प्रोग्रॅम उघडायचाच नाही. ती उलटली आणि पहाटे पाचच्या संकलनाला पावती निघेना. बाहेर कॅन घेऊन शेतकऱ्यांची रांग, आत घामाघूम झालेले सचिव, वहीत पेनाने आकडे लिहायला कुणाला तरी बसवलेलं. दुपारी तक्रार दाखल झाली. आदल्या रात्रीपर्यंत संस्था ऐंशी हजारांची देणेकरी होती आणि हा येणेकरी. सकाळनंतर हा आरोपी झाला. शेवटी मिटलं, पण ऐंशी हजारांवर पाणी सोडूनच, वर माझी फी. फी घेताना वाईट वाटलं, पण घेतली.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३. संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याचा ताबा असलेल्या माणसाच्या परवानगीशिवाय त्यात शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, पुसणं, काम बंद पाडणं, अधिकृत माणसाला आत येऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. नुकसानीचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. तो निवाडा अधिकाऱ्यापुढे जातो, म्हणजे आपल्याकडे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ते ऐकू शकतात. हेच काम अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही म्हणाल, खातं माझ्या नावावर आहे, मग ताबा माझाच की. मुद्दा खोटा नाही. मशीन क्लाउड कंपनीचं, खातं तुमचं, बिल लॅबचं आणि आतली माहिती पेशंटांची, अशी खिचडी असेल तर ताबा कुणाचा यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. हा बचाव कोर्टात मांडायला बरा आहे. रात्री साडेनऊला पोलीस ठाण्यात मांडायला मुळीच बरा नाही. शिवाय दूध एक वेळ वहीवर मोजता येतं. इथे ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुणाचा तरी रिपोर्ट अडकला तर त्याची जबाबदारी तुमच्याकडे बोट दाखवत येईल.

तुमचा गोंधळ नेमका कुठे होतोय ते आता दिसेल. तुमचा हक्क आहे कोडवर. तुमच्या हातात किल्ली आहे डेटाची. एका खोलीवरचा हक्क वसूल करायला तुम्ही दुसऱ्याच खोलीला कुलूप लावायला निघालात. पैसे हा तिसराच विषय, त्याचा रस्ता वेगळा. तिन्ही वेगळे धरले की प्रकरण वाटतं तेवढं अवघड राहत नाही.

आधी कोड. कॉपीराइट कायदा, १९५७, प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. ऐकायला गंमत वाटते, पण कथा-कवितेच्याच रांगेत तुमची बिलिंगची फाइल उभी आहे आणि संरक्षणही तेवढंच: लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. कलम १७ नुसार पहिला मालक लेखकच. ‘आम्ही पैसे दिले म्हणजे आमचं’ हे बाजारात सगळे धरून चालतात, पण कायद्यात ते सरसकट नाही. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट असेल तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते, उलट करार नसेल तर. लग्नाच्या फोटोग्राफरला हा नियम लागतो, तुम्हाला नाही, कारण त्या यादीत साहित्यकृती नाही.

तुम्ही त्यांचे नोकर असता तर चित्र उलटं झालं असतं. नोकरीच्या कामात लिहिलेलं मालकाचं, हा त्याच कलमातला दुसरा अपवाद. लॅबचा वकील पहिला घाव इथेच घालेल: ‘हा आमच्याकडे रोज यायचा, आमच्याच टेबलावर बसायचा, महिन्याला पैसे घ्यायचा.’ म्हणून आज एक काम करा. आयकराच्या साइटवर जाऊन तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, काढा आणि लॅबने टीडीएस कापला असेल तर त्या नोंदीसमोर कुठलं कलम आहे ते बघा. १९४जे दिसलं तर त्यांनीच तुम्हाला बाहेरचा व्यावसायिक मानलंय. १९२ दिसलं तर ते पगार समजत होते आणि आपल्याला जास्त मेहनत घ्यावी लागेल. टीडीएस कापलाच नसेल तर मग कामाची वेळ कोण ठरवायचं, लॅपटॉप कुणाचा होता, त्याच काळात तुम्ही इतरांची कामं करत होतात का, हे सगळं बघितलं जातं. एवढ्यावरून मालकी ठरत नाही, पण कागद तुमच्या बाजूने बोलायला लागतो.

आता त्या अंगठ्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय की मालकाने मेसेज टाकला होता, ‘सॉफ्टवेअर कायमचं आमचंच ना?’ आणि तुम्ही उत्तरात पिवळा अंगठा दाखवलात. आपल्याकडे अंगठा म्हणजे सही, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यामुळे तुमची झोप उडणं साहजिक आहे. कॅनडात तर २०२३ मध्ये सस्कॅचेवानच्या न्यायालयाने असाच एक अंगठा कराराची संमती धरला. शेतकऱ्याने जवसाच्या सौद्याच्या मेसेजला अंगठा दाखवला, माल दिला नाही आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरचा हुकूम झाला. अपिलातही तो टिकला.

तुमची गोष्ट निराळी आहे. जवसाच्या सौद्याला लागणाऱ्या सहीच्या जागी अंगठा चालतो का, यावर तिथे वाद झाला. कॉपीराइट हस्तांतरित करायला आपल्याकडे लेखी आणि सही केलेला दस्त लागतोच, कलम १९. त्यात कृती कुठली, हक्क कुठले, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे यायला हवं. ‘आमचंच ना’ आणि अंगठा यात यातलं काय आलं? फार तर ‘कायमचं’ एवढं. माझ्या मते त्या अंगठ्याने मालकी गेलेली नाही. इलेक्ट्रॉनिक सही हा प्रकार कायद्यात आहे, पण ती आधार क्रमांकावरून किंवा प्रमाणपत्रावरून होते, इमोजीवरून नाही. मात्र अंगठा अगदीच वाया गेला असंही समजू नका. लॅबला ते सॉफ्टवेअर कायम वापरायला द्यायची तुमची तयारी होती, हे त्यावरून नक्की दाखवता येईल. मालकी वेगळी, वापराची परवानगी वेगळी. तुमच्या दाव्याच्या भिंती या दोन शब्दांच्या मध्ये उभ्या राहतात.

कलम १९ मध्येच एक बारीक गोष्ट आहे जी मी प्रत्येक अशिलाला सांगतो, कारण दोन्ही बाजूंना ती माहीत नसते. लेखी हस्तांतर केलं पण मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांचं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरतं. ‘सर्व हक्क दिले’ असं एका ओळीत लिहून घेऊन निर्धास्त झालेल्या कंपन्या मी पाहिल्यात.

मग लॅबला काय करता येतं? पैसे दिलेत, सॉफ्टवेअर चालू आहे, दोन वर्षं तुम्ही काही बोललेलं नाही. कुठलाही न्यायाधीश म्हणेल की त्यांच्या स्वतःच्या लॅबमध्ये ते चालवायचा हक्क त्यांना मिळालाय, थकबाकी असली तरी. कायदेशीरपणे हातात आलेल्या प्रोग्रॅमची, तो ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी, प्रत काढायला आणि त्यात बदल करायला कलम ५२ परवानगी देतं; बॅकअपची प्रतही त्यात येते. म्हणजे दुसऱ्या मुलाला बोलावून ‘जीएसटीचा रकाना बदल’ म्हणणं हा गुन्हा नाही. तिथे भांडू नका, दम जाईल.

इचलकरंजी मात्र वेगळं. मेहुण्याची लॅब ही त्यांची लॅब नाही. प्रोग्रॅमची प्रत काढून दुसऱ्याला विकणं किंवा भाड्याने देणं हा फक्त कॉपीराइटच्या मालकाचा हक्क आहे, कलम १४. ‘फुकट दिलं, घरातलंच आहे’ म्हणाले तरी प्रत तर काढलीच, आणि ती ज्या कामासाठी सॉफ्टवेअर दिलं होतं त्या कामासाठी नव्हती. तुमची सगळ्यात भक्कम जागा ही. तिथे सॉफ्टवेअर चालू असल्याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. कुणीतरी सांगितलं, एवढंच? त्या लॅबमधून घरच्या कुणाची एखादी साधी तपासणी करून घ्या, बिल आणि रिपोर्ट रीतसर घ्या. तुमच्या रिपोर्टमध्ये एखादी खूण असेलच. माझ्या एका अशिलाने ‘हिमोग्लोबिन’ या शब्दानंतर चुकून दोन स्पेस दिले होते. चोरलेल्या रिपोर्टवरही ते दोन स्पेस जसेच्या तसे निघाले. समोरच्या वकिलाने त्यानंतर तडजोडीची भाषा सुरू केली. पण त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरून बघू नका, जुना पासवर्ड चालत असला तरी. तो पुन्हा कलम ४३ चा रस्ता आहे.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय आणि त्याचं उत्तर इथे देऊ नका, तुमच्या वकिलाला द्या. या कोडमधला किती तुमचा आहे? आधीच्या नोकरीतून एखादं मॉड्यूल उचलून आणलं होतं का? बारकोडचा भाग एखाद्या मित्राने लिहून दिला होता का? पहिलं खरं असेल तर त्या भागाचा मालक तुमचा जुना साहेब आहे, आणि दावा लावलात की तो जागा होईल. दुसरं असेल तर मित्राची लेखी संमती आधी घ्या. आणि मोफत लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून खुला ठेवलेला तयार कोड, वापरल्या असतील तर त्यांचे परवाने वाचा. एमआयटी परवान्याची असेल तर चिंता नाही. जीपीएलची असेल आणि तुम्ही प्रोग्रॅम ग्राहकाच्या मशीनवर दिला असेल, तर सोर्स कोड मागायचा आणि पुढे वाटायचा हक्क त्या परवान्यानेच ग्राहकाला मिळतो, आणि मग तुमच्या इचलकरंजीच्या मुद्द्याचे पाय लटपटतात. दहा मुलांमागे आठ जणांनी हे कधी बघितलेलं नसतं. मी स्वतः कोड लिहायचो तेव्हा मीही नाही बघितलं.

कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नाही. बारकोड वाचून रिपोर्ट पाठवायचा ही पद्धत उद्या कुणीही शून्यापासून लिहू शकतो. पेटंटचा विचारही सोडा. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट देत नाही.

डेटाबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की ‘बॅकअप माझ्या लॅपटॉपवर आहे, चाळीस हजार पेशंट’. हे तुमचं शस्त्र नाही, तुमच्या गळ्यातला धोंडा आहे. कुणाची साखर किती, कुणाची एचआयव्ही चाचणी झाली, कुणाची गरोदरपणाची, हे सगळं तुमच्या घरी एका लॅपटॉपमध्ये पडलंय आणि तो लॅपटॉप तुमचा पुतण्या गेम खेळायला घेतो. कोड तुमचा असला तरी त्या नोंदी तुमच्या कधीच नव्हत्या. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या कायद्याच्या भाषेत लॅबकडे माहितीची जबाबदारी आहे आणि तुम्ही त्यांच्या वतीने ती हाताळणारे. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी. छोट्या लॅबला एवढा दंड कुणी करणार नाही, पण कायदा या गोष्टीकडे किती गांभीर्याने बघतो ते त्या आकड्यावरून कळतं. तुमच्यासारख्याकडे काम सोपवायचं तर वैध करार हवा, असंही त्यात आहे. तो नाही, ही लॅबची स्वतःची दुखरी जागा आहे. नोटिशीत ती सौम्य शब्दांत आली की मालक सल्लागाराला फोन लावतो.

तेव्हा लॅबला मेल पाठवा. व्हॉट्सॲप नको, मेल. त्यात म्हणा: क्लाउडचं खातं तुमच्या नावावर करून घ्या, त्यासाठी तीस दिवस देतो, मी सहकार्य करेन, माझ्याकडे अमुक तारखेचा बॅकअप आहे, तो तुम्हाला परत देऊन माझ्याकडचा पुसतो, पोच द्या. या मेलमध्ये पैशांचा उल्लेखही करू नका. पैशांचं पत्र दुसऱ्या दिवशी, वेगळं. हे दोन कागद वेगळे ठेवण्याला फार किंमत आहे. पुढे कुणी ‘याने डेटा अडवला’ म्हणालं तर पहिला कागदच उत्तर देतो. पुसताना कोडचा इतिहास पुसू नका, फक्त पेशंटांच्या नोंदी. घाईत सगळं फोल्डर उडवून स्वतःचाच पुरावा घालवलेला एक हुशार मुलगा माझ्या माहितीत आहे.

पुराव्याचं म्हणाल तर आता नवा कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी च्या जागी त्याचं कलम ६३ आलं. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं; त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे ती नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा, त्यात लिहायचं. हे प्रमाणपत्र हवंच, हा वाद सर्वोच्च न्यायालयात आपल्याच जालन्यावरून गाजला. २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरायचं होतं आणि सीडीसोबत प्रमाणपत्र नव्हतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, निकाल २०२०. न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं; जिवाचं रान करूनही संबंधित अधिकारी ते देतच नसेल तर तेवढी सूट. तुमच्या बाबतीत फोन तुमचा, लॅपटॉप तुमचा, त्यामुळे प्रमाणपत्र तुम्हीच देऊ शकता. फक्त तो फोन विकू नका आणि फॉरमॅट करू नका. मालकाशी झालेली सगळी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, पण मूळ फोनही जपा. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमधली प्रत्येक नोंद तारीखवार तुमच्या नावाने आहे ना? मग तुम्ही निम्मं काम न कळत करून ठेवलंय.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. कोड लिहिला त्याच क्षणी हक्क आला. तरी करून टाका. अर्ज ऑनलाइन होतो, फी पाचशे रुपये, सोबत कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं लागतात आणि २०२१ पासून त्यावर काळी पट्टी मारता येत नाही. माझ्या एका अशिलाच्या पहिल्या दहा पानांत डेटाबेसचा पासवर्ड होता. पाठवायच्या तासभर आधी माझ्या ज्युनियरच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. ज्याचा वाद आहे त्यालाही अर्जाची प्रत पाठवायची असते, ती लपवू नका. लपवून घेतलेली नोंदणी पुढे उलटते. आक्षेपासाठी महिनाभर थांबतात, त्यामुळे नोटिशीआधी हे काम सुरू केलेलं बरं.

राहिले पैसे. एक लाख चाळीस हजार. तोंडी करारही करारच असतो आणि तुमचा तर व्हॉट्सॲपवर लिहिलेला आहे. रकमेवरच वाद घातला तर करार कायद्याचं कलम ७० आहे: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला, त्याने भरपाई द्यायची. पण इथे घड्याळ बघा. केलेल्या कामाचा मोबदला मागायला, पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं. तुम्ही २०२३ म्हणताय, महिना सांगितलेला नाही. म्हणजे मुदत काठावर आहे किंवा संपलीही असेल. त्या तीन वर्षांच्या आत मालकाने ‘दिवाळीनंतर राहिलेले देतो’ असं काही लिहिलेलं असेल तर तारीख तिथून नव्याने मोजता येते. आज रात्री बसून ती ओळ शोधा. तुमच्या प्रकरणात ती अंगठ्यापेक्षा महत्त्वाची आहे.

उद्यमची, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी, नोंदणी तुमच्याकडे काम घेण्याआधीपासून असेल तर नशीबवान आहात: लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सुविधा परिषदेकडे जाते. नंतर केलेली नोंदणी मागच्या कामाला चालते का यावर वाद आहेत, त्याच्या भरवशावर राहू नका. नोंदणी फुकट आहे, पुढच्या कामासाठी आजच करा.

नोटीस कशी असावी यावर वकिलावकिलांत मतभेद आहेत. मी पहिली नोटीस छोटी आणि थंड पाठवतो. कोड माझा, तुमच्या लॅबपुरता वापर मान्य, इचलकरंजीचा वापर थांबवा किंवा त्याचा परवाना माझ्याकडून घ्या, आणि राहिलेली रक्कम पंधरा दिवसांत द्या. धमक्यांनी भरलेली नोटीस पाठवली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली उलट तेच तुमच्यावर दावा लावू शकतात की या माणसाच्या धमक्यांना आधार नाही. पोलिसांत जावं का? कॉपीराइट भंग हा त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं, आणि तो दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. तरी मी तिथून सुरुवात करत नाही. मालकीवरच वाद असेल तर ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि पाठवलं नाही तरी एकदा गुन्हा नोंदला की मेहुणा आणि मालक एका बाजूला घट्ट होतात. मला ते दोघं एकमेकांवर चिडलेले हवे असतात.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व मध्यस्थीचा अर्ज टाका, खर्च जवळपास नाही. तीन लाखांच्या वरचा व्यावसायिक दावा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर ही मध्यस्थी दाव्याआधी सक्तीचीच आहे. कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात चालतो आणि तो तुम्ही राहता तिथे लावता येतो, ही तुमची सोय. किती वर्षं लागतील असं विचारू नका. मात्र अंतरिम मनाईच्या अर्जावरच अशा बऱ्याच प्रकरणांचा निकाल लागल्यासारखा होतो. तुमच्या जागी मी असतो तर मेहुण्याच्या लॅबकडून परवान्याचे पैसे घेऊन मोकळा झालो असतो. त्याला चालू सॉफ्टवेअर हवंय, तुम्हाला पैसे. भांडण मालकाशी आहे, पण गिऱ्हाईक इचलकरंजीत बसलंय.

शेवटचा तुमचा छोटा प्रश्न, तळाशी दुसऱ्याचं नाव टाकल्याचा. तुम्ही तो ओशाळून विचारलाय, पण कायद्यात त्याला जागा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा लेखकाचा हक्क कॉपीराइट विकून टाकला तरी राहतो. त्यांनी कामापुरते बदल केले तर त्याबद्दल तुम्हाला तक्रार करता येत नाही, ती सूट प्रोग्रॅमच्या बाबतीत मुद्दाम ठेवलेली आहे. पण तुमचं नाव खोडून त्या जागी दुसऱ्याचं लिहिणं हा बदल कामापुरता नाही. नोटिशीत तिसरा मुद्दा म्हणून हे घाला. याचे पैसे मागू नका, नाव परत मागा. बहुतेक वेळा सगळ्यात आधी तेच मिळतं, कारण त्याला त्यांचा काही खर्च येत नाही. आणि नाव परत लावलं की कोड कुणाचा हे त्यांनीच लिहून दिल्यासारखं होतं.